गुरगुरणाऱ्याला शाब्बास

आमच्या घरमालकांनी खोली देण्याआधी माझी नोकरी विचारली नाही, आडनाव विचारलं नाही, घरात मटण शिजतं का हेही विचारलं नाही. संभाजीनगरात भाड्याची खोली शोधणाऱ्याला हे तिन्ही प्रश्न पाठ असतात. मी तर उत्तरं तयार करूनच गेलो होतो. त्यांनी विचारलं, "पोरगी केवढी हाय?"

"अडीच वर्षांची."

"शेपूट धरती का?"

मी बायकोकडे पाहिलं, बायकोनं माझ्याकडे. आमच्या ओवीच्या हाताशी तोवर कुणाचं शेपूट आलंच नव्हतं. तेव्हा ती ते धरते की नाही, हे आम्हाला कुठून कळणार? मी तसं सांगितलं.

"मग उद्या तिला घेऊन या," ते म्हणाले. "बघू."

दुसऱ्या दिवशी सिडकोतल्या त्या घराच्या अंगणात आमच्या पोरीची मुलाखत झाली. घरमालक ओट्यावर बसले. त्यांचा तपकिरी, एका कानाचा शेंडा तुटलेला कुत्रा लांब जिन्याखाली साखळीला बांधलेला होता. मधे ओवी. मुलाखत अर्धा तास चालली. ओवीनं आधी एक चप्पल काढली, मग दुसरी, मग त्यातली एक तोंडात घातली. घरमालक एकदा तिच्याकडे, एकदा कुत्र्याकडे बघायचे आणि खिशातला खडू काढून ओट्यावर रेघ मारायचे. शेवटी उठून त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली. रेघा कसल्या होत्या, ते मी विचारलं नाही. पुढे चौदा महिने आम्ही त्या घरात राहिलो आणि तेवढ्या काळात मला तो माणूस निम्मासुद्धा कळला नाही. उरलेला निम्मा आता लिहिताना कळेल, अशी मला फारशी आशा नाही.

त्यांचं नाव लिहीत नाही. गल्लीत सगळे त्यांना काका म्हणायचे, आम्हीही म्हणू लागलो. पाचोडला जनावरांच्या दवाखान्यात ते ड्रेसर होते. डॉक्टरनं सुई मारायची, काकांनी बैलाचा पाय धरायचा, जखम धुवायची, पट्टी बांधायची. नोकरी अशी तीसेक वर्षं केली. निवृत्त झाल्यावर शहरात हे घर बांधलं, काकू गेल्या, मुलगा पुण्याला राहिला. खाली काका आणि कुत्रा, वर आम्ही तिघं. कुत्र्याचं नाव वजीर. पण नुसतं वजीर म्हटलेलं काकांना खपायचं नाही.

"वजीरसाहेब, जरा सरकता का? झाडून घ्यायचंय."

पाण्याचा टँकर घेऊन येणाऱ्या माणसाला मात्र ते "अबे ए, किदर चला?" म्हणायचे. कुणाला अहो म्हणायचं आणि कुणाला अबे, याचा त्यांचा काही हिशेब असावा. तो मला लागला नाही.

जिन्याखाली, जिथं वजीरचं पोतं अंथरलेलं असे, तिथं फरशीवर गेरूची एक लाल रेघ होती. ती कुणी ओलांडायची नाही. ओवीनं नाही, आम्ही नाही, स्वतः काकांनीही नाही. पोतं झटकायचं असलं तर आधी वजीरला बाहेर बोलवायचे, मगच हात आत घालायचे. "आपण भाडेकरूच्या घरात घुसतो का?" असं त्यांचं म्हणणं. वास्तविक काका आमच्या घरात खुशाल घुसायचे. दार वाजवायचे तेही आत आल्यावर.

दुसरा नियम, ओवी आणि वजीर एका जागी आणि मोठं माणूस नाही, असं एक क्षणही होता कामा नये. काका अंगणात बसलेले, ओवी मातीत खेळतेय, वजीर लोळतोय आणि काकांचा फोन वाजला, तर फोन घ्यायला आत जाताना ते वजीरला बरोबर न्यायचे. आंघोळीला गेले तर वजीर न्हाणीच्या दारात बसलेला. एकदा गॅसवरचं दूध उतू चाललं होतं तरी त्यांनी आधी ओवीला कडेवर घेतलं आणि मग स्वयंपाकघराकडे पळाले. अर्धं दूध गेलं.

"काका, अहो दोन मिनिटांनी काय होतंय? किती गरीब कुत्रा आहे," माझी बायको म्हणाली.

"गरीबच हाय. पोरगी बी गरीब हाय. दोघातलं एक न्यायचं," काका म्हणाले.

एके दिवशी त्यांनी ओवीसाठी पैंजण आणले. चांगले भरपूर घुंगरांचे. बायको हरखली. परक्या माणसानं पोरीला एवढ्या मायेनं काही आणावं, याचं तिला भरून आलं. तिनं त्यांना जेवायला बोलावलं, शेवभाजी केली. जेवता जेवता काका म्हणाले, "आता बरं झालं. झोपेत कुणी अंगावर आलं की ह्यांना दचकायला व्हतं. आता लांबूनच कळंल, ओवीबाई यायल्या." म्हणजे पैंजण ओवीच्या पायात होते, पण आणले होते वजीरसाठी. बायकोनं त्यांच्या ताटात दुसऱ्यांदा भाजी वाढायची की नाही, याचा थोडा विचार केला. मग वाढली.

तिसरा प्रकार 'झाड'. काका ओवीला घेऊन गल्लीत चक्कर मारायचे. गल्लीत मोकाट कुत्र्यांची काही कमी नव्हती. एखादं भुंकत आलं की काका ओरडायचे, "झाड!" की ओवी जागच्या जागी उभी. हात पोटाशी, नजर जमिनीकडे, तोंडातून आवाज नाही. कुत्रं यायचं, वास घ्यायचं, कंटाळून निघून जायचं. हे चांगलंच होतं, मी नाही म्हणत नाही. पण काका कुत्रं नसतानाही ओरडायचे. भाजीवाल्याच्या गाडीपुढे, देवळात, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. ओवी ताटावरून उठून झाड झाली आणि वाढप्यानं जिलबीचं तबक घेऊन तिला वळसा घातला. लोक माझ्याकडे बघत होते. काका आनंदानं मान डोलवत होते.

हे सगळं कशापायी, याबद्दल गल्लीत तीन कथा होत्या. समोरच्या वहिनी सांगायच्या, काकांच्या मुलाला लहानपणी कुत्रं चावलं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणायचा, छे, मुलाला नाही, काकांनाच. तिसरी कथा अशी की काहीच झालेलं नाही, म्हातारा एकटा पडलाय. मी एकदा सरळ काकांनाच विचारलं. ते वजीरच्या अंगावरच्या गोचिड्या काढत होते.

"दवाखान्यात लोक कुत्रं घेऊन यायचे," ते म्हणाले. "साहेब, ह्याला सुई देऊन मारा, पोराला चावलं. मी विचारायचो, चावायच्या आधी काय झालं? म्हणायचे, काहीच नाय. एकदम चावलं. सगळे तेच म्हणायचे, इंजिनियर. तीस वर्षांत एकाला बी आधी काय झालं ते माहीत नव्हतं."

मी इंजिनियर नाही. डिप्लोमा आहे आणि शेंद्र्याला एका कारखान्यात तपासनीस आहे. पट्ट्यावरून येणाऱ्या मालातला दोष हुडकायचा आणि बाजूला काढायचा, हे माझं काम. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे केलं ते याच डोक्यानं केलं.

झालं असं की एका सकाळी वजीर जिन्याखाली शिळी भाकरी चघळत बसला होता. काका ओट्यावर, मी जिन्यावर, म्हणजे नियमाप्रमाणे मोठी माणसं हजर होती. ओवी पैंजण वाजवत रेघेपाशी गेली आणि तिनं भाकरीकडे हात केला. वजीर गुरगुरला. जातं फिरावं तसा खालचा, घोगरा आवाज. मी तीन पायऱ्या एकदम उतरलो. तोवर काकांनी ओवीला उचललं, माझ्या हातात दिलं, आणि रेघेपाशी उकिडवे बसून वजीरला म्हणाले, "शाब्बास! लई शहाणे हाव तुम्ही. शाब्बास!"

माझं डोकंच फिरलं. "काका, तो माझ्या पोरीवर गुरगुरला, आणि तुम्ही त्याला शाब्बासकी देताय?"

"मग काय शिव्या देऊ?"

"चावला असता म्हणजे?"

"चावला नाय. सांगितलं त्यानं. मला जड व्हायलंय, लांब व्हा, असं सांगितलं. पोरीला रडता येतं, तुम्हाला वरडता येतं. त्याच्यापाशी तेवढंच हाय." मग मला समजवावं तसं म्हणाले, "त्याच्या बी आधी त्यानं जांभई दिली, व्हट चाटले, तोंड फिरवलं. तुम्ही बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. कुत्र्यानं जांभई दिली तर त्याला झोप आली असेल, असं मी आजवर समजत होतो. माझी पोर चार बोटांच्या अंतरावर होती आणि हा माणूस मला जांभया मोजायला सांगत होता. जन्मभर बैलांत राहून माणूस असाच होत असणार, असं मी बायकोला वर जाऊन म्हणालो. आणि मनाशी ठरवलं, मालकाला जमत नसेल तर कुत्र्याला मीच सरळ करतो.

माझी तेव्हा दुसरी पाळी असायची. बायको सकाळच्या शाळेवर शिकवायला जायची आणि दुपारपर्यंत ओवी माझ्याकडे. काका रोज सकाळी दोन तास जवळच्या गोशाळेत गाईंच्या मलमपट्ट्या करायला जायचे. जाताना वजीरला खोलीत ठेवून बाहेरून कडी घालायचे. ते कोपऱ्यावरून वळले की मी कडी काढायचो.

आता हे लिहिताना लाज वाटते. मी वजीरपुढे भाकरी टाकायचो, ओवीला हाताशी धरून जवळ न्यायचो आणि तो गुरगुरला की पेपरची सुरळी जमिनीवर आपटायचो. "चूप!" नाहीच ऐकलं तर नाकावर. पोरीच्या जिवासाठीच करत होतो, हे खरं. पण म्हाताऱ्याला दाखवून द्यायचं होतं, हेही तितकंच खरं, आणि या दोन्हींत कशाचं वजन जास्त होतं हे मला आजही ठरवता येत नाही. काका यायच्या आत कडी पुन्हा घातलेली असायची. तीन आठवड्यांत वजीरचं गुरगुरणं बंद झालं. ओवी भाकरीशी गेली तरी तो आवाज करेना. जांभई द्यायचा, ओठ चाटायचा, मान वळवायचा, पण आवाज नाही. दोष निघाला, माल पास. मी बायकोला सांगितलं, कुत्रा सुधारला. कसा ते सांगितलं नाही.

मग चंपाषष्ठी आली. आमचं कुलदैवत खंडोबा. माझी आई वेरूळजवळच्या गावाहून मुद्दाम आली. बाजरीचे रोडगे, वांग्याचं भरीत, पातीचा कांदा. आमच्यात त्या दिवशी देवाचा नैवेद्य कुत्र्याला दिल्याशिवाय कुणी घास घेत नाही, कारण कुत्रा खंडोबाचा. गावाकडे आम्ही पोरांनी कुत्र्यांना हातानं भरवलेलं आहे, कपाळाला भंडारा लावलेला आहे. आईला आयता अंगणातच देवाचा कुत्रा मिळाला, म्हणून ती खूश होती.

"वहिनी, नैवेद्य जरूर द्या," काका आईला म्हणाले. "ताटलीत ठेवा अन् माघारी या. ते येतील, सावकाश खातील."

"ताटलीत?" आई म्हणाली. "देवाला काय लांबून वाढत्यात का, भाऊ? लेकराच्या हातनं दिऊ. पुण्य लागंल तिला."

"लेकराच्या हातनं नको, वहिनी."

"देवाचं वाहन हाय ते. देव चावतो व्हय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं, तू तरी सांग अशा नजरेनं. आणि मी म्हणालो, "काका, भरवू द्या. आता तो गुरगुरत नाही. कितीतरी दिवस झाले, काही करत नाही."

"गुरगुरत नाय?" काका म्हणाले. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पुढे ते काय विचारणार होते, कुणास ठाऊक. तोवर आईनं ओवीच्या मुठीत रोडगा देऊन ती मूठ वजीरच्या तोंडापुढे धरली होती आणि दुसऱ्या हातानं त्याच्या कपाळावर भंडारा फासत होती. पिवळी धूळ त्याच्या डोळ्यांत गेली. वजीरनं जांभई दिली. मान वळवली. आईनं ती धरून पुन्हा सरळ केली.

एवढंसुद्धा गुरगुरणं झालं नाही. नुसते दात दिसले. मी जागचा हललो नाही, मला हलताच आलं नाही. काका मात्र ओट्यावरून कसे आले कळलं नाही, त्यांचा हात मधे गेला आणि वजीरचे दात त्यांच्या मनगटात बसले. ओवी मागे पडली आणि किंचाळली. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

वजीरनं लगेच सोडलं. स्वतःच घाबरून तो रेघेच्या आत जाऊन बसला. काकांनी त्याला ना मारलं, ना रागावलं. "वजीरसाहेब, चला आत," म्हणाले, खोलीत घालून कडी लावली आणि अंगणातल्या नळाशी जाऊन मनगट धुवायला बसले. साबण लावून, वाहत्या पाण्याखाली, घड्याळ लावून पंधरा मिनिटं. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा यायचं. भांडी विसळायचं पाणी काका झाडांना घालायचे आणि पोरीच्या आंघोळीला दोन बादल्या लागल्या तर वर येऊन बोलायचे. समोरच्या वहिनी कुंपणावरून ओरडल्या, "काका, टाकी मोकळी व्हायली!" काका म्हणाले, "व्हऊ द्या." मग मी त्यांना स्कूटरवर बसवून दवाखान्यात नेलं. सुया सुरू झाल्या. वजीरची लस वेळच्या वेळी दिलेली होती, तरी दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवायची होती.

येताना स्कूटरवर मागून त्यांनी विचारलं, "इंजिनियर, तो गुरगुरला का?"

"गडबडीत माझं लक्ष नव्हतं, काका," मी म्हणालो.

तेवढं एक वाक्य. खरं सांगायला तेव्हाही वेळ होता. पण कुत्रा आता जाणार, हे मला दिसत होतं आणि तो जावा असंच मला वाटत होतं. माझ्या पोरीचा हात वाचला होता. मी कशाला तोंड उघडू?

काकांनी आईला विचारलं. आई येळकोट म्हणत होती, तिला काही आठवेना. बायको तेव्हा वर होती. मग काका स्वतःशीच बोलू लागले. "गुरगुरल्याबिगर तो चावायचा नाय. आठ वर्षं वळखतो मी त्याला. इंजिनियर म्हणले गुरगुरत नाय, पण त्यांना तर जांभई बी दिसत नाय. गुरगुरला असणार. मलाच ऐकू आलं नाय."

आणि त्यांनी स्वतःचे कान तपासायला घेतले. ओवीला पाठीमागे उभं करून पैंजण वाजवायला लावायचे आणि डोळे मिटून बोट दाखवायचे, इकडून आला आवाज. मला जिन्यावर उभं करून हळू काहीतरी बोलायला सांगायचे.

"आज भाजी काय आणू," मी पुटपुटायचो.

"भाजी काय आणू," काका खालून म्हणायचे. बरोबर असायचं. दरवेळी बरोबर असायचं, आणि दरवेळी त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. कान बरोबर निघाले म्हणून दुःखी होणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि त्या दुःखाचं कारण जगात एकट्या मला माहीत होतं. कानाच्या डॉक्टरकडेही मीच नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात इतके चांगले कान फार कमी जणांचे असतात.

बाहेर आल्यावर काका रिक्षाची वाट बघत उभे होते. "कान चांगले हायत, हे वाईट झालं," ते म्हणाले. "म्हंजी ऐकू आलं, पण डोक्याला कळलं नाय. डोकं चाललं आता."

मी म्हणालो, "काका, तसं काही नसेल."

"मग कसं असंल? तुम्ही सांगा."

मी रिक्षाला हात केला.

त्यानंतर तो माणूस आमच्या डोळ्यांदेखत खचला. गॅस बंद केला का, हे बघायला तीनतीनदा आत जायचा. गोशाळेत जाणं बंद केलं, म्हणे एखाद्या गाईला भलतंच औषध लागायचं. ओवी खाली धावत गेली की तिला जिन्याशीच थांबवून माझ्या बायकोला हाक मारायचे, "सूनबाई, पोरीला न्या वर. माझ्यापाशी सोडू नका." ओवी झाड झाली, त्यांनी सांगितलं नसताना झाली, त्यांना हसवायला म्हणून. ते आत निघून गेले. माझ्या पोरीला दिवसभर डोळ्यांत तेल घालून सांभाळणारा माणूस आता तिला भीत होता. आणि मी रोज पेपर वाचून कामावर जात होतो.

दहावा दिवस रविवार होता. वजीर ठणठणीत होता. पाचोडहून काकांचा भाऊ जीप घेऊन दुपारी येणार होता आणि वजीरला शेतावर नेणार होता. आपलंच डोकं चालत नाही, तर कुत्रा ठेवायचा नाही, असं काकांनी ठरवलं होतं. सकाळी मी खाली गेलो, तेव्हा काका वजीरचं पोतं गुंडाळून सुतळीनं बांधत होते. आठ वर्षं त्यांनी त्या रेघेच्या आत हात घालण्याआधी त्याला बाहेर बोलावलं होतं. आज तो आत बसलेला असतानाच त्यांनी त्याच्या अंगाखालून पोतं ओढलं होतं. वजीर उघड्या फरशीवर बसून त्यांच्याकडे बघत होता.

"काका," मी म्हणालो, "तो गुरगुरला नव्हता."

सुतळी त्यांच्या हातात राहिली.

"तुमचे कान बरोबर आहेत. डोकंही बरोबर आहे. तो गुरगुरलाच नाही, कारण मी त्याचं गुरगुरणं बंद केलं होतं. तुम्ही गोशाळेत गेलात की कडी काढायचो. गुरगुरला की मारायचो." कारखान्यात यंत्र बिघडण्याआधी भोंगा वाजतो. कटकट नको म्हणून कुणी त्या भोंग्याची तार तोडली, तर आम्ही त्याला त्याच दिवशी घरी बसवतो. मी तीच तार तोडली होती. हे मला इतक्या उशिरा कसं कळलं, कळत नाही.

"कशानं मारायचे?" काकांनी विचारलं.

"पेपरानं."

"रोजच्या का रविवारच्या?"

हा काय प्रश्न झाला? "रोजच्या," मी म्हणालो. "कधीकधी रविवारच्या."

"जाड असतो रविवारचा," ते म्हणाले आणि पायरीवर बसले. मला वाटलं, आता शिव्या येतील, त्यांच्या हातातलं पोतं माझ्या अंगावर येईल. मी तयारच होतो. पण काकांनी दोन्ही कानांवर हात ठेवले, डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलंही नाही. "म्हंजी मी ठीक हाय," म्हणाले. मग वजीरकडे वळले, "तुम्ही बी ठीक हाव." त्यांनी भावाला फोन लावला, "येऊ नको, राहू दे." पोतं सोडलं, वजीरला बाहेर बोलावलं आणि तो बाहेर आल्यावरच ते जागेवर अंथरलं.

दहा दिवसांचं ओझं उतरल्यासारखं मला हलकं वाटलं. चहा करायला सांगतो, असं म्हणून मी जिना चढायला लागलो.

"इंजिनियर," काका म्हणाले, "महिन्याभरात दुसरी खोली बघा."

मी पायरीवरच थांबलो. "काका, मी चुकलो. पण खरं सांगितलं ना?"

"सांगितलं, लई चांगलं केलं. नाय तर येडाच झालो असतो मी. पण आता ह्याला परत गुरगुरायला कधी येतं, येतं का नाय, मला माहीत नाय. तवर लेकरू ह्याच्याजवळ नको."

"मग त्यालाच पाचोडला पाठवा की. जीप तर येतच होती."

"त्याला काय सांगू, का पाठवलं म्हणून?" ते म्हणाले. "तुम्हाला सांगितलं तर समजतं."

आता मात्र मला राग आला. पश्चात्ताप वगैरे होता, पण रागही आला. "म्हणजे कुत्रं घरात राहणार, आणि माझी पोरगी घराबाहेर?"

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी विचित्र बोललो होतो.

"पोरीला कोण जा म्हणलं?" ते म्हणाले. "तिचं काय चुकलं? मी तुम्हाला जा म्हणलो. ती तुमच्यासंगं राहती, त्याला माझा इलाज नाय."

मी वर गेलो. बायको कणीक मळत होती आणि ओवी तिच्या मांडीला टेकून पिठाच्या गोळ्या करत होती. मी म्हणालो, "आपल्याला खोली बदलायची आहे."

"कुत्र्यामुळे ना?" ती म्हणाली.

"नाही," मी म्हणालो. "माझ्यामुळे."